आठ दगड आणि वरचा एक

हलिमामावशी,

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पाटी हातातून गेली ती गेली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. ओळ सरळ धरायला जावं तर ती बांधासारखी वर चढते. चुका असतील त्या पदरात घे. तू हसशील म्हणा, कारण तुला तरी कुठं वाचता येत होतं? "गोल तेवढी अक्षरं माझी, बाकीची मास्तराची," असं म्हणून तू बांगडी वर धरायचीस. तेव्हा मी चुकले तरी तुला कळणार नाही आणि दुसऱ्या कुणाला मी हे दाखवणार नाही.

तू गेल्यापासून कॅनॉलच्या रस्त्यानं जाताना माझी मान आपोआप करंजाच्या झाडाकडं वळते. खाली दगड आहे, सावली आहे, तुझी बांगड्यांची पेटी नाही. परवा तिथं एक म्हैस बसली होती. मला तिचाच राग आला.

मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या माहेरची वाट ओळखणारं एकच माणूस इथं येत होतं, ते म्हणजे तू. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन कॅनॉलच्या कडेकडेनं गावामागून गाव चालायचीस. सोमवारी माझ्या आईच्या दारात, मंगळवारी माझ्या. आईचा निरोप तू एकदम सांगायची नाहीस. आधी माझा हात मांडीवर घ्यायचीस, बोटांची हाडं दाबून दाबून मऊ करायचीस आणि बांगडी सरकवता सरकवता म्हणायचीस, "आईचा गुडघा बरा हाय. म्हस व्यालीया. रडू नगंस, हात ताठ हुतोय." सासूबाई शेजारी असायच्या, म्हणून मी बोलत नसे. तशी मी कुणासमोरच बोलत नसे. तुझं त्यावाचून काही अडलं नाही. तू दोघींचं बोलायचीस.

बांगड्या भरून झाल्या की तू आणखी एक घालायचीस. तिचे पैसे घ्यायची नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "ही वरची. माझी सासू घालायची, मी बी घालते. मोजून दिलेलं कुणाला पुरत न्हाई गं. वर एक असली की पुरतं." तुझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या बायकांच्या हातात ती एक वरची आहे. आशू झाली तेव्हा तिला काळ्या मण्यांच्या मनगट्या तूच घातल्यास, आणि त्यातही एक मणी वरचा ओवलास.

ती आशू एके दिवशी जेवताना म्हणाली, "मला भरती व्हायचंय."

तू तेव्हा आमच्या सोप्यात बसून पेटी बांधत होतीस. आमच्या घराला पलटण नवी नव्हती. सासरे मिलिटरीत होते, थोरले दीर नाना हवालदार होऊन रिटायर झाले. भिंतीवर दोघांचे फोटो. नानांना मूल नाही आणि आमची ही एकच. त्यामुळं पलटणीचा विषय नानांपाशी येऊन थांबला होता, आणि घरात सगळे तसं धरून चालले होते.

"कुठं? पोलिसात?" नानांनी विचारलं.

"मिलिटरीत. बायकांची बी भरती असती, नाना. मिलिटरी पोलीस."

"असती. मला म्हाईत हाय म्हणून तर सांगतोय. लेखी हाय, मैदान हाय, उंची हाय. उंची तुला आजोबाची मिळालीया. बाकी काय हाय?"

"बाकी करते."

"करते म्हंजी? पापड लाटायचं न्हाईत तितं."

आमचे हे ताटावरून न उठता म्हणाले, "पण सकाळच्या अंधारात पोरीसंगं जाणार कोण?"

खरा प्रश्न तो होता. यांची कारखान्यावर पहिली पाळी. नाना आधीच नाही म्हणून बसलेले. आणि मी. कॅनॉलचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला पुरुषभर ऊस. पँट घालून पळणाऱ्या पोरीसोबत मी त्या रस्त्यावर उभी राहणार, येणारे जाणारे बघणार, या विचारानंच माझ्या हातातली भाकरी थंड झाली. मी मान खाली घातली. आशूनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर फिरवली. ती नजर मी विसरले नाही.

तेवढ्यात तू पेटीची गाठ ओढत म्हणालीस, "मी हाय की. नमाज झाली की मी रस्त्यालाच असते. तिनं पळावं, मी चालावं. माझ्या पेटीला बी सोबत हुईल."

नाना हसले. "बांगडीवाली भरतीची तयारी करून घेणार म्हणं."

"घेते. तुमी नुसतं किती पळायचं तेवढं सांगा."

नानांनी सांगितलं. कॅनॉलच्या कडेला दगड रोवलेत, दर दोनशे मीटरला एक. पुलापासून आठ दगड मोजायचे म्हणजे सोळाशे मीटर झाले. तू दुसऱ्याच दिवशी मोजून आलीस. आठवा दगड करंजाखालचा. तू रोज आधी जाऊन त्यावर बसायचीस आणि आशू पुलावरून पळत तुझ्याकडं यायची. मोजणाऱ्या बाईवर कुणी संशय घेतला नाही. डझनानं बांगड्या मोजण्यात जिचा जन्म गेला ती आठ दगड चुकेल का?

पहिले दिवस आठवतात? मी पहाटे उठून तिला दूध, दोन उकडलेली अंडी आणि डिंकाचा लाडू खायला घालून पाठवायची. पोरगी पळणार आहे, अंगात ताकद नको का? ती तिसऱ्या दगडापाशी ओकायची. तू मंगळवारी माझ्यावर धावून आलीस. "पोटात म्हस घालून कोण पळतंय व्हय गं? यिऊ दे पळून, मग घाल काय घालायचं ते." तेव्हापासून जाताना फक्त गुळाचा खडा, बाकीचं आल्यावर.

मग गावाचं तोंड. धुण्याच्या घाटावर मी खाली मान घालून कपडे आपटत होते. एकजण मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "शालनची पोरगी पळाली म्हणं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तू वरून रस्त्यानं चालली होतीस. पेटी न उतरवता तिथनंच बोललीस. "व्हय, रोज पळती. आणि रोज घरी येती. तुमच्याकडची एकदाच पळाली हुती न्हवं?" सगळा घाट हसला. तीसुद्धा हसली, काय करणार. मी पिळे पिळत राहिले, पण पदराआड मीही हसले. सासरी आल्यापासून माझ्या बाजूनं असं चारचौघांत कुणी बोललं नव्हतं.

भरतीतल्या लांब उडीसाठी तुम्ही दोघींनी शेतातला पाट निवडलात. रुंद पाट, पलीकडं मऊ माती. पाण्याची पाळी असली की चुकली उडी म्हणजे कमरेएवढ्या गार पाण्यात. आशू चिखलानं माखून घरी यायची आणि यांना वाटायचं पोरगी ऊसाला पाणी पाजून आली. एकदा तू पाटाच्या पलीकडं तुझी नवी चादर अंथरलीस आणि तिला म्हणालीस, "हिच्यावर चिखलाचा पाय पडला तर तुझ्या आईकडनं धुवून घीन." त्या दिवशी ती चादरीच्याही पुढं पडली.

लेखी परीक्षेसाठी साताऱ्याला क्लास लावावा लागणार होता. राहणं, फी, वर चांगले बूट. यांनी पगाराची उचल आधीच घेतली होती. मी तुझ्याजवळ काही बोलले नव्हते. तू लगीनसराईचा माल भरायला ठेवलेले पैसे रुमालात बांधून आणलेस आणि माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवलेस. मी म्हणाले, मावशी, हे कसे फेडू? तू म्हणालीस, "फेडशील की. तुझी पोरगी सरकारी पगार घेणार हाय. मी काय दान करते व्हय?" त्या शब्दानं मला बळ आलं. दान म्हणाली असतीस तर मी घेतले नसते, आणि तुला ते ठाऊक होतं.

त्या लगीनसराईत तुझी पेटी हलकी होती. बायका विचारायच्या, "मावशी, यंदा रंग कमी दिसत्यात." तू हिरव्या बांगड्या पुढं सारून म्हणायचीस, "यंदा मिलिटरी रंग चाललाय. शेरात सगळ्या ह्योच घालत्यात." आणि खपवल्यास की गं.

क्लास संपवून आशू परत आली तेव्हा थंडी होती. तुला ताप आला. तू निरोप पाठवलास, आज शालनला पाठवा. मी डोक्यावरून शाल घेऊन करंजाखाली जाऊन बसले. अजून फटफटलं नव्हतं. लांबून बुटांचा आवाज यायला लागला. सहाव्या दगडाला ती सावकाश झाली, सातव्याला चालायला लागली. कमरेवर हात ठेवून ती माझ्याकडं बघत होती. मी काही बोलणार नाही हे तिला माहीत होतं. मी कधीच बोलत नव्हते. मला काय झालं कोण जाणे. मी उभी राहिले, शाल खाली पडली, आणि ओरडले, "आशे, पळ. चाललीस काय अशी, पळ."

ऊसातनं पाखरं उडाली. पलीकडच्या काठावरचा दूधवाला सायकल थांबवून बघायला लागला. आशू इतकी दचकली की खरंच पळाली आणि माझ्या अंगावर येऊन आदळली. दोघी खाली बसून हसत होतो. "आई, तुला आवाज हाय व्हय?" ती म्हणाली.

तू बरी झाल्यावर म्हणालीस, "तुझा आवाज मला माझ्या घरात ऐकू आला, ताप तितंच उतरला." तुझं घर पलीकडच्या गावात. इतकं खोटं तूच बोलू जाणे.

लेखीचा निकाल लागला, आशू पास झाली. मग मात्र नाना उठले. मैदान जवळ आलं होतं. हातात घड्याळ घेऊन ते पहिल्यांदा करंजाखाली आले. आशू जीव तोडून पळाली. नानांनी घड्याळ बघितलं, परत बघितलं आणि म्हणाले, "बसत न्हाई. साफ बसत न्हाई."

"घड्याळ तुमचं जुनं असंल," तू म्हणालीस.

"घड्याळ पलटणीचं हाय, हलिमाबाई. पोरगी मागं पडतीया. थोडं न्हवं, लय. पाय चांगलं हायत, पर एवढ्या दिसांत हे भरून निघणार न्हाई. उगा आशा कशाला लावता तिला?"

त्या दिवशी आशू जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठलीच नाही. तू पुलापर्यंत मागं आलीस, मग घरापर्यंत. तिच्या अंथरुणापाशी बसलीस आणि म्हणालीस, "बसत न्हाई तर न्हाई. मला काय घड्याळ कळत न्हाई. तू माझ्यापतुर ये, एवढंच मला कळतंय. मी दगडावर बसून ऱ्हायले तर लोक काय म्हणतील, मन्यारणीला कामधंदा न्हाई?" ती उठली. त्यानंतरचे सगळे दिवस ती घड्याळाकडं न बघता तुझ्याकडं बघत पळाली. नाना रोज यायचे. वेळ रोज थोडा कमी होत होता, तरी रोज बसत नव्हता.

मैदानाच्या दिवशी आपण चौघं गेलो, नाना, आशू, मी आणि तू. इतक्या वर्षांत तुला पेटीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होते. मोकळी मान सारखी चोळत होतीस. फाटकाबाहेर आशूला सांगितलं, हातात बांगड्या चालणार नाहीत. तिनं झटक्यानं काढायला घेतल्या तशी तू तिचा हात धरलास. "वाढवायच्या न्हाईत. आज तर मुळीच न्हाई." बाटलीतलं पाणी आणि साबणाचा तुकडा घेऊन तू एकेक बांगडी उतरवलीस. एकीलाही तडा नाही. सगळ्या दोऱ्यात ओवून कनवटीला खोचल्यास. "लागलीस की मीच भरीन," म्हणालीस. ती आत गेली. तिचे मोकळे हात मला कसेतरीच वाटले.

आपण दोघी भिंतीच्या सावलीत बसलो. नाना येरझाऱ्या घालत होते. तुझे ओठ हलत होते. मी ज्योतिबाला म्हणत होते, तू अल्लाला. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, नुसत्या शिट्ट्या ऐकू यायच्या.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावर माती होती आणि ती हसत होती की रडत होती ते कळेना.

"नाना, मी थांबलेच न्हाई."

"म्हंजी?"

"सगळ्या थांबल्या, मी पळतच हुते. मला वाटलं अजून बाकी हाय. मावशी कुठं दिसंना, मग पळतच ऱ्हायले. मागनं साहेब वरडतोय, अरे बस, हो गया, रुक जा. दोन माणसं आडवी आली तवा थांबले."

"आणि वेळ?"

"वेळेच्या पहिल्याच गटात बसले, नाना. उडी बी झाली."

नानांना खरं वाटेना. त्यांनी तिला तीनदा विचारलं. मग टोपी काढली आणि पुन्हा घातली. तू तिच्या बुटांचा चिखल तुझ्या पदरानं पुसत होतीस.

मला वाटलं हा देवाचा हात. नानांना तसं वाटून चालणार नव्हतं. पलटणीचं घड्याळ खोटं कसं ठरेल? दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारसायकल काढली आणि पुलापासून करंजापर्यंत मीटर बघत गेले. परत गेले. मग पायी गेले. चौथ्या आणि पाचव्या दगडाच्या मधे गवतात एक खळगा सापडला. तिथं दगड होता आणि तो कुणीतरी नेला होता. पोरगी इतके महिने रोज एक दगड जास्त पळत होती.

तो मंगळवार होता. घाटावर मी धुणं धूत होते, तू वर पेटी उघडून बसली होतीस. नाना खळग्यापासून शोधत शोधत खाली आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. माझ्याकडं नाही, माझ्या हाताखालच्या दगडाकडं बघत. मी बाजूला झाले. त्यांनी वाकून, दात खाऊन तो दगड पालथा केला. खालच्या बाजूला आकडा कोरलेला, काल कोरल्यासारखा. बाकीच्या दगडांवरचे आकडे उन्हापावसानं आणि म्हशींनी अंग घासून केव्हाच गेले होते. हा तेवढा मातीत तोंड घालून राहिला होता आणि त्याच्या पाठीवर मी लग्नापासून कपडे आपटत होते.

"ह्यो हितं कुणी आणला?"

घाटावरची एक म्हातारी म्हणाली, "तुझ्या आईनं की. आणि ह्या मन्यारणीनं. कॅनॉल कोरडा पडला हुता त्या साली, दोघींनी लोटत लोटत आणला. शालन तवा नवी नवरी हुती."

सगळ्यांनी तुझ्याकडं बघितलं. नाना म्हणाले, "हलिमाबाई, ह्यो मोजायचा दगड हाय हे तुमाला ठावं हुतं?"

तू बांगड्यांचा तोडा झटकून बांधलास. "मला वाचता येतंय व्हय?"

नाना तुझ्याकडं बघत राहिले. मग ते हसायला लागले. मी माझ्या दिराला असं हसताना कधी बघितलं नव्हतं, डोळ्यात पाणी येईपर्यंत. त्यांनी टाचा जुळवल्या, ओल्या हातानं सलाम ठोकला आणि म्हणाले, "उस्ताद." पलटणीत शिकवणाऱ्याला म्हणतात तसं. त्यानंतर त्यांनी तुला कधी हलिमाबाई म्हटलं नाही. दारात पेटी दिसली की, "उस्ताद आल्या, चहा ठेवा."

आता खरं सांगते मावशी, मी तुझ्यावर मनातल्या मनात चिडले होते. तुला माहीत असेल तर तू गप्प कशी बसलीस? त्या दिवशी पोरगी उपाशी भिंतीकडं तोंड करून पडली होती. एक शब्द बोलली असतीस तर ती जेवली असती. मी एकदा धीर करून तुला विचारलंसुद्धा. आपण दोघीच होतो. तू माझ्या तोंडाकडं बघितलंस आणि म्हणालीस, "चहा ठेव." मी चहा ठेवला. तेवढ्यात कुणीतरी आलं आणि ते बोलणं तिथंच राहिलं. मला वाटायचं, पुढच्या मंगळवारी विचारू. मंगळवारांना काय तोटा होता?

मी अजूनही तुझ्याशी भांडते. भाकरी थापताना भांडते. कधी वाटतं तुला काहीच माहीत नव्हतं, तू दिसले ते दगड मोजलेस आणि बसलीस. कधी वाटतं तू पहिल्या दिवसापासून जाणून होतीस. तुझ्या हातून मोजून दिलेलं कधी गेलंच नाही, तर पळणं तरी कसं जाईल? आशूला विचारलं तर ती म्हणते, "आई, मला तो दगड रोज उपयोगी पडतो." तिथं बंगळूरला पाठीवर ओझं घेऊन पळवतात. बाकीच्या पोरी संपलं म्हणून थांबतात तेव्हा हिच्या अंगात अजून थोडं शिल्लक असतं म्हणे.

तिचा पहिला पगार आला तेव्हा तिनं पैसे पाठवले. मी तुझे म्हणून वेगळे ठेवले आणि मंगळवारी तुझ्यापुढं धरले. तू माझी मूठ मिटलीस. "परेड हुऊ दे. शपथ घिऊ दे तिला. मग घेते, बांगड्या भरायचं बी त्यातच." मी ऐकलं. मी ऐकायला नको होतं.

मग तुझ्या मुलाचा, सलीमचा फोन आला. तू माधवनगरला त्याच्याकडं चार दिवस राहायला गेली होतीस. दुपारी जेवलीस, आडवी झालीस, उठली नाहीस. आम्ही पोचलो तेव्हा गल्ली माणसांनी भरली होती. मी बायकांच्या मागं दाराशी उभी. तुला न्यायच्या आधी सलीमनं हात जोडून विचारलं, "अम्मीचं कुणाचं देणं असंल तर मला सांगा, मी फेडीन." कुणी पुढं आलं नाही. तुझं कुणाचं देणं नव्हतंच. देणं माझं होतं. पैसे कमरेला होते. पुढं व्हावं, म्हणावं, देणं नाही, येणं आहे. पण इतके पुरुष, इतकी अनोळखी तोंडं. कॅनॉलवर पाखरं उडवणारा माझा आवाज तिथं निघाला नाही. तुला नेलं आणि पैसे माझ्याबरोबर घरी परत आले.

आशूला मी फोनवर सांगितलं. ती मग म्हणाली, "उद्या आमचं पळणं हाय. पळते मी."

परेडला नाना, हे आणि मी गेलो. मावशी, तू ते बघायला हवं होतंस. काय रांगा, काय बूट. सगळ्या एका उंचीच्या, एका चालीच्या, मला माझी पोरगी ओळखू येईना. मग एका रांगेतली एक जण वळली आणि तिच्या मानेवरून मला कळलं, ही माझी. तिचे हात मोकळे नव्हते, डाव्या मनगटावर घड्याळ होतं. नानांनी दिलेलं, पलटणीचं. सगळ्या पोरींनी एका आवाजात शपथ घेतली. बाजूला नाना ताठ उभे होते आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. मी या वेळी शाल पडायची वाट बघितली नाही. "आशे," म्हणून अशी हाक मारली की पुढच्या तीन ओळींतल्या लोकांनी मागं बघितलं. यांनी माझा पदर ओढला. नाना म्हणाले, "वरडू दे तिला."

काल तुझा चाळिसावा झाला. मी माधवनगरला एकटीच गेले. एसटीत बसून, विचारत विचारत. सलीमच्या दारात तेवढीच माणसं होती, तीच तोंडं. फातिहा झाल्यावर मी पुढं झाले, सगळ्यांसमोर म्हणाले, "सलीमभाऊ, त्या दिवशी बोलायला हवं होतं, आज बोलते. मावशीचे पैसे माझ्याकडं आहेत. त्यावर माझी पोरगी भरती झाली."

आवाज कापला नाही.

सलीम म्हणाला, "शालनताई, अम्मी कधी बोलली न्हाई. राहू द्यात."

"ती दान म्हणाली नव्हती. फेडशील म्हणाली होती. मला फेडू द्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन तुझी पेटी आणली. ती अजून तशीच आहे, कडेला पत्र्याचं ठिगळ. वरच्या कप्प्यात दोऱ्यात ओवलेल्या आशूच्या बांगड्या होत्या. साबणाचा वास गेला होता. त्याच दोऱ्यात एक नवी कोरी हिरवी बांगडी होती, जी आशूची नव्हती. तू कधी ओवलीस?

मी तो दोरा घेतला आणि त्या जागी पैसे ठेवले. सलीमनं सर्वांसमोर मोजले, सगळे भरले. मग मी कनवटीचा एक रुपया काढला आणि वर ठेवला.